डोंगर जवळ आला की पाऊस

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयोत किंवा केरीत, समोरचा डोंगर एकाएकी हाताच्या अंतरावर आल्यासारखा दिसू लागतो. त्याच्यावरचे दगडी बांध, मेंढ्या, ओहोळांच्या पांढऱ्या रेघा मोजता येतात. अशा वेळी घरातलं म्हातारं माणूस दोरीवरचे कपडे आत घ्यायला सांगायचं. नवख्याला हे उफराटं वाटतं. हवा इतकी स्वच्छ असताना पाऊस कुठून येणार?

कारण सरळ आहे. आयर्लंडवर उच्च दाब ठाण मांडून बसला की दिवस कोरडे जातात, वारा पडतो, आणि ब्रिटन व युरोपच्या बाजूने आलेला धूर-धुळीचा पातळ पडदा हवेत तरंगत राहतो. तेव्हा डोंगर निळसर, धूसर, लांब दिसतो. अटलांटिकवरून नवी हवा सरकू लागली की हा पडदा निघून जातो, कारण हजारो मैल पाण्यावरून आलेल्या हवेत धूळ असणार किती? डोंगर होता तिथेच असतो, पण या धुतलेल्या हवेच्या पाठोपाठ ढग येतात. ‘डोंगर दिसतोय म्हणजे पाऊस येणार, दिसत नाही म्हणजे आलाच आहे’ हा विनोद तिथे प्रत्येक परगणा आपल्याच डोंगराच्या नावावर सांगतो. त्यात विनोद कमी आणि निरीक्षण जास्त आहे.

या सगळ्या लोकज्ञानाकडे बघताना एक आकडा आधी लक्षात घ्यावा. वर्षातून किती दिवस एक मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो? पूर्व किनाऱ्यावर साधारण 150 दिवस, पश्चिमेच्या काही भागांत 225 च्या आसपास. म्हणजे पश्चिमेत रोज डोळे मिटून ‘उद्या पाऊस’ म्हणणारा माणूस दहातल्या सहा वेळा बरोबर येतो. त्याला ना बेडकाची खूण लागते, ना मांजराची. म्हणून आयरिश पावसाच्या खुणांचं कौतुक करताना थोडा हात आखडता घ्यावा. खरी किंमत आहे ती ‘उद्या कोरडं’ असं सांगणाऱ्या खुणेला. ती दुर्मिळ असते, आणि शेतकऱ्याला तीच हवी असते.

गवत कापायचं तर दोन-तीन सलग कोरडे दिवस लागतात. पहिल्या दिवशी कापून ओळी घालायच्या. दुसऱ्या दिवशी दव उडाल्यावर त्या उलटायच्या आणि संध्याकाळी गुडघाभर उंचीचे छोटे ढीग करायचे, म्हणजे रात्रीचं दव फक्त वरच्या थराला लागतं. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा पसरायचे, वाळले की माणसाच्या उंचीचे ढीग रचायचे, आणि गवताचाच पीळ घालून केलेल्या दोरांना दगड लटकावून ते बांधून टाकायचे. घाई करून ओलसर गवत रचलं तर आतून तापतं, बुरशी धरतं आणि क्वचित पेटही घेतं. त्यामुळे सकाळी आठ वाजता ‘आज विळा लावू का?’ हा प्रश्न हौसेचा नव्हता. चुकीचं उत्तर म्हणजे हिवाळ्यात उपाशी गाय.

पीटचं, म्हणजे चुलीत जाळायच्या दलदलीतल्या कुजक्या मातीचं, तसंच. दलदलीतून श्लॉन नावाच्या पंखवाल्या फावड्याने कापलेल्या ताज्या विटेत जवळजवळ नऊ दशांश पाणी असतं. ती पंधरवडाभर पसरून ठेवायची, वर पातळ साल धरली की पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, मग मोठ्या राशी. साल धरल्यावर पाऊस आला तर पाणी वरून ओघळून जातं. साल धरायच्या आधी आला तर चिखल. आणि ओली असताना हिम पडलं तर वीट सुकल्यावर भुगा होते. या कामांत माणसाला पुढच्या महिन्याचा अंदाज नको असतो. त्याला आजची संध्याकाळ आणि उद्याची दुपार हवी असते. म्हणून ज्या खुणा टिकल्या, त्यांतल्या चांगल्या खुणांची मुदत सहा ते चोवीस तासांची आहे.

या खुणा आज आपल्याला वाचायला मिळतात त्याचं श्रेय शाळकरी पोरांना आहे. 1935 साली स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने 1937 ते 1939 या काळात सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना कामाला लावलं. निबंधाच्या तासाला मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायचं आणि वहीत उतरवायचं. विषयांची यादी आयोगाने छापून दिली होती. त्यात भुतंखेतं होती, गुरांची औषधं होती, लोणी होतं, आणि हवामानाच्या खुणाही होत्या. एकूण पानं सुमारे 7,40,000. ती आता डूखस या संकेतस्थळावर गाव आणि परगण्यानुसार शोधता येतात. डब्लिन किंवा कॉर्कला राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या वस्तीचं नाव टाकून बघावं. आपण ज्या रस्त्याने रोज ऑफिसला जातो तिथल्या कावळ्यांबद्दल नव्वद वर्षांपूर्वीच्या पोराने काय लिहिलंय ते कळतं.

वह्या वाचायची एक पद्धत आहे. ‘आयरिश लोक असं मानतात’ म्हणून सगळं एका टोपलीत टाकलं की गोंधळ होतो, कारण एका वहीत लिहिलेलं दुसरी वही खोडून काढते. बगळ्याचंच बघा. तिथले जुने लोक त्याला क्रेन म्हणतात. एका गावात तो नदीच्या वरच्या अंगाला उडाला की कोरडं, दुसऱ्या गावात नेमकं उलटं. यात खोटं कुणीच बोलत नाही. एका गावाची नदी पश्चिमेला अटलांटिकला मिळते, दुसऱ्याची पूर्वेला. समुद्र, डोंगर आणि वारा यांची मांडणीच निराळी. खुणेला पत्ता असतो, तो काढून टाकला की उरतो नुसता पक्षी. म्हणून वही उघडल्यावर आधी गावाचं नाव बघावं, मग नकाशात समुद्र कुठल्या अंगाला आहे ते, आणि मगच खूण वाचावी. कुठल्या वाऱ्याने आपल्या भागात जास्त पाऊस येतो हेही मुलांनी जागोजाग लिहिलंय. बहुतेकांचं उत्तर नैर्ऋत्येचा. हे वाक्य हाताशी असलं की बाकीच्या खुणा ताडून बघता येतात.

घरात खुणांचं मुख्य ठिकाण म्हणजे चूल. उघडी, पीटची, वर्षानुवर्षं न विझणारी. रात्री निखारे राखेखाली पुरून ठेवायचे, सकाळी उकरायचे. दाब उतरला, हवा दमट झाली की चिमणीची ओढ मंदावते, धूर वर जाण्याऐवजी छपरावरून खाली लोळतो, आणि आतल्या भिंतीची काजळी ओलावा शोषून जड होऊन चुलीत गळते. काजळी पडली, पाऊस येणार. ही खूण चांगली आहे. मुदत अर्ध्या दिवसाची. जमिनीच्या दगडी लाद्यांना घाम फुटणं हीही चांगली. थंड दगडावर बाहेरची उबदार दमट हवा आली की पाणी सुटतं. मिठाला ओल येते तेही त्याच कारणाने. ज्वाला निळी झाली की वादळ, हे मात्र पीटच्या ओलेपणावर आणि आतल्या क्षारांवर इतकं अवलंबून असतं की त्यावर गवत कापू नये.

मांजराने शेकोटीकडे पाठ केली की पाऊस, किंवा हिम, किंवा थंडी. तीन वह्या, तीन उत्तरं. मांजर शेकोटीकडे रोजच कधी ना कधी पाठ करतं.

चंद्राभोवतीचं खळं ही त्यांच्याकडची सर्वांत भरवशाची खूण, आणि सर्वांत जास्त चुकीची वाचली जाणारीही. म्हण अशा अर्थाची आहे: कडं लांब तर पाऊस जवळ. लोक समजतात की एकच कडं कधी लहान होतं कधी मोठं. तसं नाही. ती दोन निराळी कडी आहेत. हात पूर्ण ताणून पंजा पसरा, अंगठ्याचं टोक चंद्रावर ठेवा; करंगळीच्या टोकाशी कडं येत असेल तर ते बावीस अंशांचं खळं. ते उंचावरच्या हिमकणांच्या पातळ ढगातून दिसतं, आणि त्याचं माप कधीच बदलत नाही. असा ढग म्हणजे बहुधा येऊ घातलेल्या उष्ण आघाडीची, म्हणजे चाल करून येणाऱ्या उबदार हवेच्या पुढच्या कडेची, पहिली कनात. मागून ढग जाड होत खाली उतरतात आणि बारा ते चोवीस तासांत पाऊस लागतो. चंद्राला चिकटून असलेलं, दोन-तीन बोटांचं रंगीत कडं हे पाण्याच्या बारीक थेंबांचं. ते मधल्या उंचीच्या विरळ ढगातून दिसतं आणि रात्रभर काहीही न घडता विरूनही जातं. लांबचं कडं म्हणजे जवळचा पाऊस, हे बरोबरच आहे, फक्त पंजा लावून मोजायला हवं. खळं दिसल्यावर दोन तासांनी चंद्राची कडा पुसट होत दुधी काचेमागे गेल्यासारखी झाली, तर खूण पक्की. खळं तुटक होऊन चांदण्या पुन्हा लखलखीत दिसल्या, तर ती आघाडी बाजूने निघून गेली.

वाऱ्याचं वाचन याहून अवघड. जुन्या आयरिश पद्यात चार वाऱ्यांचे स्वभाव सांगितलेत: उत्तरेचा कठोर, माणसांना उदास करणारा, दक्षिणेचा ओलसर, बियाण्याला बरकत देणारा, पूर्वेचा कोरडा, रात्री हिम पाडणारा, पश्चिमेचा उदार, जाळ्यात मासे भरणारा. मध्ययुगीन ग्रंथांत तर वाऱ्यांना रंग आहेत. उत्तरेचा काळा, दक्षिणेचा पांढरा, पूर्वेचा जांभळा, पश्चिमेचा मळकट. पण रोजच्या वापरात दिशेपेक्षा महत्त्वाचं असतं ते वाऱ्याचं वळण. पश्चिमेचा वारा दक्षिणेकडे आणि मग आग्नेयेकडे, म्हणजे सूर्याच्या उलट फिरू लागला, तर अटलांटिकवरून नवा कमी दाब येतोय. दक्षिणेकडून पश्चिमेकडे आणि मग वायव्येकडे, सूर्याबरोबर फिरला, तर आघाडी पुढे निघून गेली. अजून सरी येतील पण मधे निळं दिसेल. ताडून बघायचं तर वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं आणि उंचावरचे पिसांसारखे ढग कुठून येताहेत ते बघावं. डावीकडून येत असतील तर बिघडणार, उजवीकडून तर सुधारणार. खालचे ढग बघून हा नियम लावला की फसगत होते, कारण ते जमिनीवरच्या वाऱ्याबरोबरच वाहतात. आणि घरांच्या आडोशाला उभं राहून वारा जोखू नये. मोकळ्या माळावर किंवा धक्क्यावर जावं.

शकुनांत आणि खुणांत इथे एक मजेदार गाठ आहे. सूर्याच्या दिशेने फिरणं याला ते देशल म्हणतात, उलट फिरण्याला तूहल. पवित्र विहिरीभोवती देशल फिरायचं, नाव किनाऱ्यावरून सुटली की आधी देशल वळवायची. आपल्या प्रदक्षिणेची दिशा तीच. तूहल फिरणं म्हणजे अपशकुन किंवा शाप. वाऱ्याच्या बाबतीत हा शकुन शास्त्राशी जुळतो, निदान उत्तर गोलार्धात. न्यूझीलंडला गेलेल्या आयरिश माणसाने देशल म्हणजे घड्याळाच्या काट्यांची दिशा असं धरलं तर मात्र तो दगा देणार, कारण तिथे सूर्य आणि वारा दोन्ही उलट फिरतात.

लाल आभाळाचीही तीच गत. सूर्यास्ताला लाली तर उद्या उघाडी, सूर्योदयाला लाली तर पाऊस. आयर्लंडमध्ये हवामान पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. मावळता सूर्य दिसतोय म्हणजे पश्चिम मोकळी आहे. हा नियम उचलून महाराष्ट्रातल्या जुलैत आणला तर उपयोग नाही, कारण पावसाळ्यातले कमी दाबाचे पट्टे बंगालच्या उपसागराकडून पश्चिमेला येतात. पत्ता बदलला की खूण बदलली पाहिजे, हे तिथल्या बगळ्याने आधीच सांगितलंय.

जनावरांतल्या खुणांपैकी पाकोळी खालून उडणं सगळ्यांना माहीत आहे. ढगाळ, गार, वाऱ्याच्या दिवशी किडे खाली आणि आडोशाला राहतात, म्हणून पाकोळीही. रॉबिन झाडाच्या शेंड्यावर गायला तर उघाडी, कुंपणात खाली घुसून गायला तर पाऊस. मेंढ्या उतारावरून खाली येणं, समुद्रपक्षी शेतात येऊन बसणं, गाढवाने बांधाला ढुंगण लावून उभं राहणं, ही सगळी वाऱ्याचीच बातमी. ती बऱ्याचदा उशिरा पोचते, कारण तोवर माणसालाही वारा लागलेला असतो. बेडकाची खूण मात्र लोक उगाच हसण्यावारी नेतात. पिवळट बेडूक म्हणजे कोरडं, काळपट बेडूक म्हणजे पाऊस, असं वह्यांत वारंवार येतं. तिथल्या साध्या बेडकाची कातडी खरोखरच ऊब, उजेड आणि ओलीनुसार फिकी-गडद होते. अडचण एवढीच की तो आत्ताची हवा दाखवतो, उद्याची नाही. शिवाय काळ्या पीटमध्ये बसलेला बेडूक तसाही गडद असतो. बघायचाच तर हिरवळीवरचा बघावा.

आता पंचांगाच्या खुणा. मुदत लांबली की भरवसा पातळ होतो. 15 जुलैला, सेंट स्विदिनच्या दिवशी पाऊस पडला तर चाळीस दिवस पडणार. असं चाळीस दिवसांचं अखंड सत्र हवामानखात्याच्या नोंदींत सापडत नाही. तरी जुलैच्या मध्यावर अटलांटिकवरचा खूप उंचावरचा वेगवान वारा जिथे स्थिरावतो तिथेच बरेचदा काही आठवडे रेंगाळतो, त्यामुळे म्हणीच्या तळाशी थोडं तथ्य आहे. ब्रिजिड या संतिणीने म्हणे वर मागितला होता, की 1 फेब्रुवारीच्या माझ्या दिवसापासून एकाआड एक दिवस चांगला असू दे. आयरिश हवेचा स्वभाव जाणणाऱ्या कुणीतरीच हे रचलं असणार; पूर्ण चांगला आठवडा मागण्याचा भाबडेपणा त्यात नाही. तिच्या पूर्वसंध्येला खिडकीत किंवा कुंपणावर एक फडकं रात्रभर ठेवतात. सकाळी दव लागलेलं ते फडकं डोकेदुखीला, अवघड बाळंतपणाला, आजारी गाईच्या पाठीवर घालायला जपून ठेवतात.

मला सर्वांत आवडते ती करड्या गाईची गोष्ट. मार्च संपताना म्हाताऱ्या करड्या पट्ट्यांच्या गाईने फुशारकी मारली, की मार्च काही मला मारू शकला नाही. मार्चला राग आला. त्याने एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले आणि गाईचं कातडं सोलून काढलं. एप्रिलच्या सुरुवातीच्या या दिवसांना अजून करड्या गाईचे दिवस म्हणतात. उत्तरेकडे ते नऊ होतात: तीन काळ्या कस्तुराचे, तीन स्टोनचॅट या छोट्या पक्ष्याचे, तीन गाईचे. गोष्टीतला व्यवहार अगदी ठोस आहे. तोवर वैरण संपत आलेली असते, गवत वाढायला लागलेलं नसतं, आणि अशक्त जनावर शेवटच्या थंडीत जातं. पहिल्या उबेला भुलून गुरं मोकळी सोडू नका, एवढंच ती सांगते. एप्रिल संपताना, कोकीळ आल्यावर, आणखी एक थंडीची लाट येते. तिला स्कॅरव्हीन म्हणतात. बटाटा लावणारा आणि मेंढ्या कातरणारा तिच्यासाठी हात राखून असतो.

या साऱ्या शहाणपणाची परीक्षा झाली ती 6 जानेवारी 1839 च्या रात्री. आदल्या दिवशी बर्फ पडलं होतं. सहाची दुपार विचित्र उबदार आणि निःशब्द होती. हवा इतकी थांबलेली, की लांबच्या घरातलं बोलणं ऐकू येत होतं असं लोक पुढे सांगत. रात्री जे वारं सुटलं त्याने गवताची छपरं उडवली, गवताच्या गंजी गेल्या, चुलीतले निखारे उडून गावं पेटली, समुद्राचं खारं पाणी आत खूप दूरवर झाडांवर सापडलं. अडीचशे ते तीनशे माणसं गेल्याचा अंदाज आहे. लोकांनी कारणं शोधली: त्या रात्री परीलोक आयर्लंड सोडून गेला; किंवा, एपिफनी या ख्रिस्ती सणाची रात्र असल्यामुळे, न्यायाचा दिवसच आला. दुपारची ती शांतता आणि ऊब हीच खूण होती, पण तिची मुदत काही तासांचीच होती, आणि गवताचं छप्पर काही तासांत बांधून होत नाही.

त्या रात्रीला सत्तर वर्षांनी निराळाच उपयोग सापडला. जानेवारी 1909 पासून सत्तर पूर्ण झालेल्यांना निवृत्तिवेतन मिळू लागलं, आणि आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सक्तीची नोंद 1864 नंतरची. मग अधिकारी विचारू लागले, मोठं वारं आठवतं का? ‘त्या रात्री मी हातात बटाटा धरून खाण्याएवढा होतो’ हे उत्तर इतक्यांच्या तोंडी आलं, की सगळा देश त्या रात्री बटाटा खात होता असं वाटावं. वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी ज्याच्या नावाने जगभर चालते तो ब्यूफर्टही याच बेटावरचा, नॅव्हन गावचा, हे जाता जाता. 24 जानेवारी 2025 ला एओविन वादळात गॉलवेच्या मेस हेडला ताशी 180 किलोमीटरच्या वरचा झोत नोंदला गेला, तेव्हा वर्तमानपत्रांत 1839 पुन्हा आलं. फरक एवढाच की यावेळी अख्ख्या बेटाला लाल इशारा आधी मिळाला होता.

इशारा देणारी यंत्रणा खुणांच्या गावांतच वाढली. केरीच्या व्हॅलेन्शियातून 1860 साली तारेने हवामानाच्या नोंदी पाठवायला सुरुवात झाली. 1944 च्या जूनच्या आरंभी मेयोतल्या ब्लॅकसॉड टपाल कार्यालयात मॉरीन फ्लॅव्हिन ही एकविशीतली तरुणी दाब उतरत असल्याचं नोंदवत होती. एका इंग्रज बाईचा फोन आला, पुन्हा तपासून सांगा. तिने पुन्हा तपासलं. त्या नोंदींच्या आधारे दुसऱ्या महायुद्धातलं दोस्त राष्ट्रांचं नॉर्मंडीवरचं आक्रमण 5 जूनवरून 6 जूनला गेलं, हे तिला नंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. पाऱ्याच्या नळीने सांगितलं ते तिच्या शेजारच्या घरांतल्या काजळीनेही सांगितलं असतं. काजळीला किती मिलिबार ते सांगता येत नाही, हाच काय तो फरक.

शकुनांचा हिशेब मात्र वेगळा. वह्यांत ते खुणांना खेटून येतात, म्हणून लोक त्यांनाही अंदाज समजतात. सकाळी मासेमारीला निघताना लाल केसांची बाई समोर आली तर परत फिरायचं. नावेत डुक्कर, कोल्हा, पाद्री यांची नावं घ्यायची नाहीत. पहिली कोकीळ उजव्या कानाने ऐकली तर वर्ष चांगलं, उपाशीपोटी ऐकली तर वाईट. शनिवारी घर बदललं तर तिथे फार दिवस राहणं नाही. 28 डिसेंबर ज्या वारी येईल तो वार वर्षभर आडवा. त्या वारी नांगर, लग्न, कबर काही सुरू करायचं नाही. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकोस्टच्या सणाला जन्मलेलं मूल कुणाचा तरी जीव घेणार किंवा त्याचा जाणार, म्हणून त्याच्या मुठीत किडा देऊन चिरडवायचा, की भाकीत तिथेच फिटलं. त्या दिवसांत पाण्यातही उतरायचं नाही. यांतलं एकही चूक ठरू शकत नाही, कारण पाळलं तर काहीच घडत नाही आणि तोच पुरावा. एका गोष्टीसाठी यांना मान द्यावासा वाटतो. कातडी ताणलेल्या हलक्या नावेतून अटलांटिकवर जाणाऱ्या माणसाला न जाण्यासाठी भित्रा न ठरता सांगता येईल असं कारण हवं असतं. लाल केसांची बाई ते कारण पुरवते. त्या बाईच्या वाट्याला काय येत असेल, याबद्दल वह्या गप्प आहेत.

सगळे शकुन फार पुरातनही नाहीत. एक मॅगपाय दुःख, दोन आनंद, हे आज प्रत्येक आयरिश माणूस म्हणतो. पण हा पक्षी आयर्लंडमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला तो वेक्सफर्डला, 1676 च्या सुमारास.

लोण्याचे नियम सर्वांत कडक. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातून निखारा, मीठ, दूध काहीही बाहेर द्यायचं नाही. दिलं की वर्षभराचं लोणी त्याच्याबरोबर गेलं. घुसळण चालू असताना कुणी आत आलं तर त्याने देवाचं नाव घेऊन रवीचे चार हात मारायचे, मगच बसायचं. न मारणाऱ्यावर संशय. खरं कारण बहुतेक वेळा साईच्या तापमानात असायचं. बारा ते पंधरा अंशांत लोणी अर्ध्या-पाऊण तासात येतं. साय त्याहून गार असेल तर नुसता फेस होतो, गरम असेल तर लोणी मऊ, पांढुरकं, ताकात विरघळलेलं. मे महिन्याच्या आरंभी गुरं कोरड्या वैरणीवरून कोवळ्या गवतावर जातात, दिवस अचानक उबदार होतात, आणि ही गडबड नेमकी तेव्हाच होते. पाहुण्याचे चार हात मारणं हा उपाय म्हणून वाईट नव्हता. दमलेल्या बाईला तेवढाच विसावा. याची काळी बाजू पिशोगांत, म्हणजे करणीच्या प्रकारांत, आहे. दक्षिणेकडे शेजाऱ्याच्या गवतात किंवा शेतात अंडी पुरून ठेवायची, म्हणजे त्याची बरकत आपल्याकडे येते. अशी अंडी सापडली तर हात लावायचा नाही. फावड्याने उचलून जाळायची, जागेवर तीर्थ शिंपडायचं. कोंबडीने स्वतःच गवतात घातलेली अंडीही यात किती जळाली असतील! या भीतीने शेजारी शेजाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या बोलत नसत, आणि त्यात रम्य काही नाही.

चुली आता जात चालल्या. ऑक्टोबर 2022 पासून दुकानात अशा कापीव पीटच्या विटा विकायला बंदी आहे, स्वतःपुरत्या कापायला नाही. बऱ्याच नव्या घरांना चिमणीच नसते. काजळीची खूण तिच्याबरोबर गेली. डोनेगलचा एक निवृत्त पोस्टमन मात्र दर शरद ऋतूत डोंगरावरचं गवत आणि पक्षी बघून हिवाळ्याचं भाकीत करतो आणि वर्तमानपत्रं ते छापतात. महिन्यांची मुदत घेणाऱ्या भाकितावर किती विसंबायचं हे वाचकाने ठरवावं.

आणि प्रागचा बाळ येशू अजून बाहेर ठेवला जातो. लग्नाच्या आदल्या रात्री ही फूटभराची प्लॅस्टरची मूर्ती बागेत, कुंपणाखाली किंवा दारासमोर ठेवायची, म्हणजे लग्नाला ऊन पडतं. वधूची आई ठेवते, कधी शेजारीण आपणहून ठेवते, कधी दोन्ही घरं ठेवतात. मूर्तीचं डोकं तुटलेलं असेल तर गुण जास्त, पण ते आपसूक तुटलेलं हवं. मुद्दाम तोडलं तर चालत नाही. प्लॅस्टर रात्रभर ओलं राहिलं की मानेपाशी आधी भुसभुशीत होतं, कारण तिथे ते सर्वांत बारीक असतं. म्हणजे जी मूर्ती बऱ्याच लग्नांना बाहेर राहिली तिचंच डोकं आपसूक पडतं, आणि तीच मग पंचक्रोशीत उसनी मागितली जाते. पाऊस आलाच तर मूर्ती चुकीच्या झुडपाखाली ठेवली होती.